ब्लॉकिंग पेप्टाइडचा पहिला प्रयोग : बेळगाव-निपाणी भागातल्या नव्या संशोधकांसाठी

गेल्या दिवाळीत गावी गेले होते. निपाणीजवळचं आमचं गाव, आजूबाजूला सगळी तंबाखूची रानं. ओसरीवर काकूंनी विचारलं, "व्हय गं, तुमच्या लॅबात क्यान्सर ब्लॉक करायचं औषध आलंय म्हणं?" भावाने माझ्या फोनमधला एका कुपीचा फोटो बघितला होता. लेबलवर 'पी५३ ब्लॉकिंग पेप्टाइड' असं छापलेलं, तेवढ्यावरून त्याने घरभर सांगितलं. काकूंच्या घरातलं एक माणूस तोंडाच्या कॅन्सरने गेलंय. मी त्यांच्याजवळ बसले आणि सांगितलं की हे औषध नव्हे, यातला थेंबही कुणाच्या पोटात जायचा नाही. आम्ही जी अँटिबॉडी, म्हणजे ठराविक प्रोटीनला धरणारा रेणू, वापरतो ती बरोबर ठिकाणी चिकटते का, तेवढंच यावरून बघतो. काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "मग ते तरी नीट बघा."

ते नीट कसं बघायचं, हे इथे लिहिते आहे. बेळगावात मेडिकल कॉलेजं आहेत, विद्यापीठं आहेत, आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) पारंपरिक औषधोपचारांवरची राष्ट्रीय संस्था आहे. खानापूर, चिकोडी, निपाणीकडून एमएस्सी करून मुलं प्रोजेक्टला येतात, त्यातली बरीच मराठी शाळेत शिकलेली. डेटाशीट त्यांना वाचता येते, पण प्रत्येक पायरी का करायची हे कुणी आपल्या भाषेत बसून सांगितलेलं नसतं.

'ब्लॉकिंग' हा शब्द आधी सोडवून घ्या

लॅबमध्ये हा एकच शब्द तीन ठिकाणी येतो. पॅथॉलॉजीत मेणात बसवलेल्या टिश्यूच्या वडीला 'ब्लॉक' म्हणतात. वेस्टर्न ब्लॉट म्हणजे जेलमध्ये वजनाप्रमाणे वेगळी केलेली प्रोटीनं कागदासारख्या मेम्ब्रेनवर उतरवून अँटिबॉडीने शोधणं; सापडलेल्या प्रोटीनची रेघ दिसते, तिला बँड म्हणतात. त्यात मेम्ब्रेन दुधाच्या पावडरीत किंवा बीएसएमध्ये (गाईच्या रक्तातलं प्रोटीन) भिजवतो, म्हणजे अँटिबॉडी मोकळ्या जागी चिकटत नाही. तेही 'ब्लॉकिंग', पण ते मेम्ब्रेनचं. ब्लॉकिंग पेप्टाइड, म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी, यांतलं काहीच करत नाही. ते अँटिबॉडीचेच हात आधीच भरून टाकतं.

लग्नघराचं उदाहरण घेऊ. पोराला सीबीटी बसस्टँडवर पाहुणे आणायला पाठवलंय. त्याने पाहुण्यांना कधी बघितलेलं नाही. त्याला एवढंच सांगितलंय की ज्याच्या डोक्यावर मोरपंखी काठाचा फेटा असेल त्याचा हात धरून घेऊन ये. पोरगा म्हणजे अँटिबॉडी, पाहुणा म्हणजे प्रोटीन आणि फेटा म्हणजे प्रोटीनवरचा तो छोटा तुकडा, ज्याला एपिटोप म्हणतात. आता पोरगा निघायच्या आधीच घरातल्या घरात त्याच्या दोन्ही हातांत तसलेच रिकामे फेटे दिले, तर तो स्टँडवर जाऊन कुणालाच आणणार नाही. ते रिकामे फेटे म्हणजे पेप्टाइड.

हे उदाहरण लक्षात ठेवा, कारण पुढे जिथे मी स्वतः चुकले ते ठिकाण याच उदाहरणात दडलंय. स्टँडवर दुसऱ्या वऱ्हाडातला एखादा माणूस तसाच फेटा बांधून उभा असेल, तर पोरगा त्यालाही आणेल. आणि पोराचे हात भरलेले असतील, तर तोही येणार नाही.

पी५३च का घ्यायचं

शिकायला हे प्रोटीन चांगलं. १९७९ साली ते पहिल्यांदा सापडलं, आणि ज्या ब्लॉटिंग पद्धतीने आपण आज ते बघतो तिचं मूळ वर्णनही त्याच वर्षीचं. माणसाच्या पी५३मध्ये ३९३ अमिनो आम्लं असतात. हिशेबाने वजन साधारण ४३.७ किलोडाल्टन (प्रोटीनचं वजन मोजायचं माप) येतं, पण जेलमध्ये प्रोलिन जास्त असलेल्या भागामुळे ते हळू सरकतं आणि ५३च्या आसपास दिसतं. नावही त्यावरूनच पडलं. म्हणून "हिशेबात ४४ येतंय, बँड ५३ला कसा?" असा प्रश्न पडला तर घाबरू नका.

दुसरं कारण आपल्या मातीचं आहे. तंबाखूशी जोडलेल्या कॅन्सरमध्ये, तोंडाच्या कॅन्सरमध्येही, पी५३ बनवणाऱ्या जीनमधले बदल वारंवार सापडतात. निरोगी पेशीत पी५३ तयार होतं आणि थोड्याच वेळात मोडलंही जातं, त्यामुळे ते फारसं दिसत नाही. जीन बिघडून चुकीच्या घडणीचं पी५३ तयार झालं की पुष्कळदा ते मोडत नाही, केंद्रकात साचतं आणि अँटिबॉडीने रंगवल्यावर गडद दिसतं. आपल्याकडच्या टिश्यूवर काम करणाऱ्याला ही अँटिबॉडी आज ना उद्या हातात घ्यावीच लागते.

मागवताना

पहिली गोष्ट, पेप्टाइड त्याच तुकड्याचं हवं ज्यावर अँटिबॉडी तयार झाली. 'पी५३चं पेप्टाइड' एवढं पुरत नाही. अँटिबॉडी प्रोटीनच्या शेपटाकडची आणि पेप्टाइड डोक्याकडचं, असं झालं तर हजारपट टाकलं तरी काही अडणार नाही. उदाहरणार्थ, डीओ-१ ही खूप वापरली जाणारी मोनोक्लोनल (एकच एपिटोप ओळखणारी) अँटिबॉडी पी५३च्या २० ते २५ क्रमांकाच्या अमिनो आम्लांना ओळखते. म्हणजे ११ ते ३० या पट्ट्याचं पेप्टाइड तिला चालेल, ३७० च्या पुढचं चालणार नाही. काही अँटिबॉडी प्रोटीनची घडी ओळखतात, सरळ तुकडा नव्हे. त्यांच्यासाठी छोटं पेप्टाइड उपयोगाचं नसतं. डेटाशीटवर 'इम्युनोजेन' (अँटिबॉडी बनवायला प्राण्याला टोचलेला तुकडा) समोर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय ऑर्डर देऊ नका. कंपनीने तो तुकडा गुप्त ठेवला असेल, तर त्यांच्याकडचंच जोडीचं पेप्टाइड घ्या.

दुसरी गोष्ट फार जणांना माहीत नसते. स्वतः क्रम देऊन पेप्टाइड बनवून घेतलं, तर कागदावर '९५ टक्के शुद्ध' असं येतं. याचा अर्थ कुपीतल्या पेप्टाइडमध्ये ९५ टक्के तुमचं आणि बाकी अर्धवट बनलेलं. पण कुपीतल्या १ मिलिग्रॅम पावडरीत पाणी आणि टीएफए नावाच्या आम्लाचा क्षारही वजन धरून बसलेला असतो. खरं पेप्टाइड कितीदा ७० टक्क्यांच्या आसपासच निघतं. त्याला 'नेट पेप्टाइड कंटेंट' म्हणतात. हा आकडा मागून घ्या आणि वहीत लिहा.

पार्सलचंही सांगते. कोरडं पेप्टाइड दोन-चार दिवस साध्या तापमानाला राहिलं तरी सहसा बिघडत नाही. अँटिबॉडीचं तसं नाही. बर्फाच्या पिशव्या शनिवारी संध्याकाळपर्यंत वितळतात आणि पार्सल सोमवारी सकाळी हातात येतं. मुंबई-बेंगळुरूहून काहीही मागवताना आठवड्याच्या सुरुवातीला पाठवा म्हणून लेखी कळवा आणि पत्त्यात राज्य, पिनकोड, फोन नंबर स्वच्छ लिहा. आमचं एक पार्सल 'बेळगाव, महाराष्ट्र' अशा पत्त्यामुळे फिरत राहिलं होतं.

कुपी उघडणं आणि विरघळवणं

आषाढात आपल्याकडे बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. पेप्टाइडची पावडर त्याहून जास्त ओल ओढते. उणे २० अंशांतून काढलेली कुपी लगेच उघडलीत की बेळगावच्या पावसाळी हवेतली वाफ आत थिजते. कुपी बंदच ठेवून, शक्यतो डेसिकेटरमध्ये, अर्धा-पाऊण तास खोलीच्या तापमानाला येऊ द्या. मग सेंट्रिफ्यूजमध्ये हलकेच एक फेरी द्या, म्हणजे झाकणाला चिकटलेली पावडर तळाला बसते. पावडर दिसली नाही तरी कुपी रिकामी समजू नका. १०० मायक्रोग्रॅम म्हणजे काचेवरचा पुसट डाग असतो.

विरघळवायला काय घ्यायचं ते क्रमावरून ठरतं. आपलं ११ ते ३० चं उदाहरण घेऊ. यात ग्लुटामिक आम्ल तीन आणि अस्पार्टिक एक, म्हणजे चार ऋण प्रभार. लायसिन एक, म्हणजे एक धन. दोन्ही टोकांचे प्रभार एकमेकांना फेडतात. बाकी राहिले उणे ३. ऋण प्रभाराचं पेप्टाइड किंचित अल्कलीत सहज जातं, म्हणून आधी थोडं पाणी, न विरघळल्यास अगदी सौम्य अमोनियाचा एखादा थेंब, मग पीबीएसने (मिठाचा साधा बफर) हवं तेवढं. धन प्रभाराचं असेल तर सौम्य ॲसेटिक आम्ल. पाण्यापासून पळणारी अमिनो आम्लं निम्म्याहून जास्त असतील तर आधी थोड्या डीएमएसओ या द्रावकात विरघळवून मग थेंबथेंब बफर. मात्र सिस्टिन किंवा मेथिओनिन असलेल्या पेप्टाइडला डीएमएसओ टाळा, त्यांचं ऑक्सिडेशन होतं. पुष्कळ पेप्टाइडच्या एका टोकाला मुद्दाम एक सिस्टिन जोडलेलं असतं, कारण ससा-उंदराला टोचण्याआधी त्याच दुव्याने ते मोठ्या प्रोटीनला बांधतात. तुमच्या क्रमात ते आहे का, बघा.

१ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर असं द्रावण करा आणि लगेच १०-२० मायक्रोलिटरच्या छोट्या ट्यूबा भरून गोठवा. एकच ट्यूब सतरा वेळा वितळवून गोठवायची नाही. लोडशेडिंगच्या दिवसांत हे आणखी महत्त्वाचं. फ्रीझर रात्री बंद पडून सकाळी सुरू झाला तर ते तुम्हाला कळत नाही. ट्यूबांच्या डब्यात एका ट्यूबमध्ये पाणी गोठवून वर एक छोटं नाणं ठेवा. नाणं बर्फात बुडालेलं दिसलं की समजायचं, मधे सगळं वितळलं होतं.

दोन ट्यूबांचा हिशेब

आधी अँटिबॉडी एकटी चालवून बघा. कोणत्या प्रमाणात नीट, पण अति नाही असा बँड येतो ते ठरलं की मगच पेप्टाइडला हात लावा. अँटिबॉडी गरजेपेक्षा जास्त घेतली, तर पेप्टाइड टाकूनही काही हात मोकळे राहतात आणि निकाल धूसर येतो.

समजा ०.५ मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर हे प्रमाण ठरलं आणि प्रत्येक पट्टीला २ मिलिलिटर लागतं. दोन ट्यूबांत वेगवेगळी अँटिबॉडी मोजू नका. १ मायक्रोलिटर मोजताना हात थोडा जरी हलला तरी दोन्हींत फरक पडतो. एकाच ट्यूबमध्ये ४ मिलिलिटर ब्लॉकिंग बफर घ्या, त्यात २ मायक्रोग्रॅम अँटिबॉडी मिसळा, हलवा आणि मग दोन समान भाग करा. एकावर 'पेप्टाइडसह', दुसऱ्यावर 'पेप्टाइडविना'.

पहिल्यात ५ मायक्रोग्रॅम पेप्टाइड, म्हणजे वरच्या द्रावणाचे ५ मायक्रोलिटर. दुसऱ्यात तेवढाच तो बफर, ज्यात पेप्टाइड विरघळवलं होतं. वजनाने हे पाचपट आहे. रेणूंच्या संख्येने किती होतं ते एकदा स्वतः काढून बघा, म्हणजे अंदाज बसतो. अँटिबॉडीचं वजन सुमारे १,५०,००० डाल्टन, हात दोन. १ मायक्रोग्रॅममध्ये ६.७ पिकोमोल, म्हणजे १३ पिकोमोल हात. आपलं वीस अमिनो आम्लांचं पेप्टाइड सुमारे २,३६० डाल्टनचं, म्हणून ५ मायक्रोग्रॅममध्ये २,१०० पिकोमोल. प्रत्येक हाताला दीडशेहून जास्त फेटे. नेट कंटेंट ७० टक्के धरला तरी शंभराच्या वर राहतात. त्यामुळे 'पाचपट पुरेल का' याची काळजी सहसा करावी लागत नाही.

दोन्ही ट्यूबा खोलीच्या तापमानाला अर्धा तास किंवा ४ अंशांवर रात्रभर हळू हलत्या ठेवा. मला रात्रभर ठेवणं पसंत आहे.

जमलं तर तिसरी ट्यूबही करा. त्यात तेवढंच, पण भलतंच पेप्टाइड: तीच अमिनो आम्लं, क्रम विस्कटलेला. तिसऱ्यातही बँड गेला, तर पेप्टाइडमुळे नव्हे, बफरमुळे किंवा तुमच्या हातामुळे गेला.

ब्लॉट

एकाच जेलवर तोच नमुना, तेवढाच, दोनदा किंवा तीनदा लावा आणि मेम्ब्रेन कापून पट्ट्या करा. प्रत्येक पट्टीवर पेन्सिलीने खूण करा आणि कोपरा कापा, कारण धुताना पट्ट्या उलटतात. दोन पट्ट्यांना दोन डबे. पेप्टाइडवाल्या डब्यातली पिपेटची टिप दुसऱ्यात गेली तर प्रयोग तिथेच संपला. दुय्यम अँटिबॉडी (पहिल्या अँटिबॉडीला चिकटून बँड दिसायला लावणारी), धुण्याची वेळ, फोटोचा एक्सपोजर सगळं सारखं हवं. दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून एकाच वेळी फोटो काढा. वेगवेगळ्या एक्सपोजरचे फोटो जोडून दाखवू नका.

कोणत्या पेशी घ्यायच्या? लॅबमध्ये हेला (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या पेशी) सहज मिळतात म्हणून नवी मुलं त्याच घेतात आणि बँड पुसट आला की अँटिबॉडीला दोष देतात. हेलामध्ये एचपीव्ही-१८ या विषाणूचं ई६ प्रोटीन पी५३ला मोडायला लावतं, मग बँड कुठून येणार? ए४३१ पेशींत बदललेलं पी५३ भरपूर असतं, त्या घ्या. आणि सोबत एच१२९९ किंवा साओस-२ घ्या. यांच्यात पी५३ नसतंच. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून पेशी मागवता येतात, सहा महिने आधी नियोजन करा.

निकाल वाचताना

माझं पहिलं वर्ष. हातात सशातली पॉलिक्लोनल (अनेक अँटिबॉडींचं मिश्रण असलेली) अँटिबॉडी. पेप्टाइडविना पट्टीवर ५३ला एक बँड, ७०च्या जवळ दुसरा. पेप्टाइडसह पट्टीवर दोन्ही गायब. मी आनंदात वहीत लिहिलं, 'दोन्ही बँड पी५३चेच, वरचा बहुधा बदल झालेला.' पुढचे दोन महिने त्या वरच्या बँडमागे गेले. मग आमच्या मार्गदर्शक बाईंनी विचारलं, "पी५३ नसलेल्या पेशी लावल्यास काय गं?" लावल्या. ५३चा बँड नव्हता. ७०चा जसाच्या तसा होता.

दुसऱ्या वऱ्हाडातला माणूस. त्याच फेट्याचा.

पेप्टाइडने बँड गेला याचा अर्थ इतकाच की अँटिबॉडीने तो बँड आपल्या नेमक्या हाताने धरला होता, उगाच चिकटली नव्हती. ज्याला धरलं तो पी५३च होता, हे पेप्टाइड सांगू शकत नाही. अँटिबॉडी त्याच पेप्टाइडवर गाळून शुद्ध केलेली असेल, तर तिचे चुकीचे बँडही पेप्टाइडने जाणारच. प्रोटीन तेच आहे हे सिद्ध करायला प्रोटीन नसलेल्या पेशी, एसआयआरएनएने (जीनचा संदेश दाबणारा छोटा आरएनए) कमी केलेलं प्रोटीन, किंवा दुसऱ्या तुकड्यावरची स्वतंत्र अँटिबॉडी लागते. २०१६ साली अँटिबॉडी पडताळणीसाठी आंतरराष्ट्रीय गटाने पाच मार्ग सुचवले, त्यांत हे येतात. पेप्टाइडने अडवणं त्या पाचांत नाही.

उलट बाजूने मात्र पेप्टाइड खूप कामाचं आहे. जो बँड पेप्टाइड टाकूनही हलत नाही, तो सोडून द्या. तो बहुधा दुय्यम अँटिबॉडीचा किंवा चिकटपणाचा असतो. त्याची खात्री करायला एक पट्टी नुसत्या दुय्यम अँटिबॉडीची ठेवा.

काहीच गेलं नाही? पेप्टाइड चुकीच्या तुकड्याचं आहे, विरघळलंच नव्हतं, किंवा अँटिबॉडी फार जास्त झाली. या क्रमाने तपासा.

फॉस्फो अँटिबॉडीला वेगळा नियम. पी५३वरच्या १५ क्रमांकाच्या सेरिनला फॉस्फेट लागलं की तेवढंच ओळखणाऱ्या अँटिबॉडी असतात. तिथे दोन पेप्टाइडं लागतात, एक फॉस्फेटसह, एक फॉस्फेटविना. पहिल्याने बँड जायला हवा, दुसऱ्याने जायला नको. दोन्हींनी गेला तर ती अँटिबॉडी फॉस्फेट बघतच नाही. या कामाला दुधाची पावडर नको, दुधातल्या केसिनवर स्वतःचंच फॉस्फेट असतं. बीएसए घ्या.

टिश्यूवर करताना

स्लाइडवर तर बँडचं वजनही दिसत नाही, नुसता तपकिरी रंग दिसतो. म्हणून ब्लॉटवर खात्री झाल्याशिवाय अँटिबॉडी टिश्यूवर नेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. लागून कापलेले दोन काप घ्या, एक पेप्टाइडसह, एक पेप्टाइडविना, डीएबी या तपकिरी रंगाचा वेळ घड्याळ लावून सारखा. पेप्टाइडसह कापात केंद्रकांचा रंग जायला हवा. काठाला किंवा स्नायूंत रंग तसाच राहिला तर तो पी५३ म्हणून मोजू नका.

आणि तो काप कुणाच्या तरी तोंडातून आलेला आहे. त्या माणसाने संमती दिली आहे, आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नीतिशास्त्र समितीने परवानगी दिली आहे, हे कागद बघितल्याशिवाय स्लाइडला हात लावायचा नाही. ब्लॉक संपला की तो परत मिळत नाही. सराव पेशींवर करा, टिश्यूवर नव्हे. पेप्टाइड लावून आलेला निकाल रुग्णाच्या रिपोर्टमध्येही जात नाही. या कुप्यांवर 'फक्त संशोधनासाठी' असं लिहिलेलं असतं.

वहीत

अँटिबॉडीचा आणि पेप्टाइडचा लॉट नंबर, पेप्टाइडचा क्रम, नेट कंटेंट, कशात विरघळवलं, वजनाने किती पट, किती वेळ, किती अंशांवर. निकाल लिहिताना वाक्य असं: '५३ किलोडाल्टनचा बँड पेप्टाइडने अडला, एच१२९९ पेशींत तो नव्हता.' दुसरा अर्धा भाग केला नसेल तर पहिलाच लिहा आणि तिथे थांबा.

शेवटी डबे धुताना एक खबरदारी. काहीजण वापरलेली अँटिबॉडी पुन्हा वापरायला एका बाटलीत जमवतात. पेप्टाइडसह ट्यूबमधलं द्रावण त्या बाटलीत कधीच ओतायचं नाही, ते सरळ टाकून द्या. आमच्याकडे त्या बाटलीवर लाल पट्टी चिकटवलेली आहे आणि खाली मराठीत, कन्नडमध्ये दोन्हीत लिहिलंय: पेप्टाइडचं यात नको.